ग्रिलवरचे कांदे

नंदाचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. ठाकुर्लीतल्या तीन घरांच्या पोळ्या ती करायची. एखादी नीट फुगली नाही तर ती स्वतः खायची, दुसरी लाटायची. कांद्याचं बूड मात्र जाड कापायची. तिच्या हातची ही एकच उधळपट्टी. मी टोकायचो.

"तुम्ही सुताच्या कारखान्यातून रिटायर झालात, माझ्या विळीवरून नाही," हे आमच्या बायकोचं ठरलेलं उत्तर.

त्या वर्षी कांदेनवमीला तिने घरातला शेवटचा कांदाही भज्यांत घातला. चातुर्मास तोंडावर, मागे काही उरायला नको. आमची मुलगी अक्षदा बाहेरून आली, भजं तोंडात टाकलं आणि खिडकीकडे बघून थांबली.

"आई, ग्लासांवरचे कांदे?"

"तुझ्या तोंडात."

"अगं, परीक्षेचे होते ते!"

"मग सांगायचं नाही? मला वाटलं मुळं फुटली, आता सडतील."

अक्षदाला बीएस्सीच्या प्रात्यक्षिकात केटी लागलेली. कांद्याच्या मुळाच्या टोकाशी पेशी सतत विभागत असतात. त्यातली एक ऐन विभागताना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायची. मागच्या वेळी काच दाबताना तिचा अंगठा सरकला, सगळ्याचा चिखल झाला. आता परीक्षा चार दिवसांवर, आणि मुळं आपापली आणायची. पुन्हा नापास म्हणजे वर्ष गेलं.

मी ओल्या कचऱ्याची बादली उपडी केली. जाड बुडं, मुळांसकट शाबूत. धुऊन परत पाण्यावर ठेवली.

"बघा," नंदा म्हणाली. "म्हणून जाड कापते."

एकादशीला पेच आला. घरात कांदा चालेना. मग खिडकीची ग्रिल घराबाहेर धरायची, असा निकाल तिनेच दिला. ग्लास ग्रिलवर गेले.

कणीक मळता मळता तिने विचारलं, "पेशीत बघायचं काय पण?"

"गुणसूत्रं. एरवी लांब, सुटे धागे असतात. विभागणीआधी प्रत्येकाची नक्कल होते. मग दोन्ही घट्ट गुंडाळले जातात, कमरेशी जोडलेले."

"बरोबर," मी म्हणालो. "सुटं सूत वाटायला गेलं की गुंता. आधी लडी करायची."

"मग त्या जोड्या मधोमध रांगेत येतात. दोन्ही टोकांकडून बारीक दोर ओढतात. जोडीतला एक इकडे, एक तिकडे. दोन्हीकडे सोळा-सोळा."

"भांडण नाही?" नंदाने विचारलं.

"नाही."

"तुझ्या काकाला दाखव एकदा. घराच्या वाटणीत किती भांडला!"

परीक्षेत अक्षदाने टोक कापलं, रंगवलं, अंगठा सरळ दाबला. सरकवला नाही. परीक्षकबाईंनी बराच वेळ भिंगाला डोळा लावला. पास.

नंदा रुसली. "बुडं माझी, आणि बघितलं दुसऱ्यांनीच!"

पोळ्यांच्या कमाईतून तिने नव्या मिक्सरसाठी पैसे बाजूला टाकले होते. त्यातून ठाण्याहून एक जुना सूक्ष्मदर्शक आला. तो ओट्यावर, मिक्सरच्या जागी बसला. चटणी अजून पाट्यावर वाटते.

शेजारच्या सरोजने ग्रिलवरचे ग्लास पाहून विचारलंच, "वहिनी, चातुर्मासात कांदा?"

"खात नाही गं," एक डोळा मिटून नंदा म्हणाली. "वाटणी बघते."