भुऱ्यासाठी आणलेली उदी

ही गोष्ट सांगायची मी आजवर टाळली. काल रंगाऱ्याने दारात टर्पेंटाईनचा डबा उघडला आणि मला हिंगणीचं आमचं अंगण आठवलं.

एकोणीसशे पन्नास-पंचावन्नच्या सुमारास मी तिथे शाळामास्तर होतो. आमच्या भुऱ्या कुत्र्याच्या मानेतल्या जखमेत किडे पडले होते. बाबा रोज टर्पेंटाईनचा बोळा लावून ते काढायचे. त्याच्यासाठी नवस बोलायला ते गिरडच्या दर्ग्यावर पायी निघाले. "मी येईस्तोवर जखम धुवत राहजो," एवढंच मला म्हणाले.

चार दिवसांतच मला त्या वासाची किळस आली. पाचव्या दिवशी गुरांचा डॉक्टर आला.

"वाचू शकते, मास्तर. पण पंधरा दिवस धुवा लागन. नाईतर सुई देतो, सुटन बिचारा."

"द्या सुई."

जखम धुणार असं वाटून भुऱ्याने आपणहून मान पुढे केली.

संध्याकाळी बाबा उदीची पुडी घेऊन आले.

"आपोआपच गेला, बाबा," मी म्हणालो.

पुडी मुठीत धरून ते ओट्यावर बसले. "माह्याच पायाले उशीर झाला."

मरेपर्यंत ते हेच म्हणत राहिले. "बाबा, तुम्हाले उशीर नव्हता झाला. मले माफ करा," हे माझ्या तोंडून कधी निघालं नाही.