आरतीचा एक जूनचा वाढदिवस

चहा घ्या आधी, मग सांगतो. माझ्या हातून काय घोळ झालाय ते ऐकून तुम्ही हसाल. मला मात्र अजून हसू येत नाही.

मी अमेरिकेला कधी गेलो नाही. खामगावच्या पुढे एसटी गेली की माझं डोकं दुखायला लागतं! पण मास्तरकीतून रिटायर झाल्यापासून मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून अमेरिका मला तोंडपाठ. त्यामुळे आमच्या वरवट बकालची आरती तिकडे शिकायला निघाली, तेव्हा तिला तिथल्या चालीरीती सांगणार कोण? मीच की! पहिली ते सातवी तिला मीच शिकवलेलं. तिची आई दोन वर्षांपूर्वी गेली. वडील तुळशीराम पिठाची चक्की चालवतात.

"हॅलोविन म्हंजे आपली भुलाबाईच समज," मी सुरू केलं. "पोट्टे घरोघर जातात, खाऊ घेतात."

"गाणे बी म्हणतात का, सर?"

"म्हणतच असतीन!"

"आन् वाढदिवस?"

तिचा वाढदिवस नोव्हेंबरात. आई दरवर्षी ओवाळायची, शिरा करायची. आई तर नव्हतीच, त्यात घरापासून इतक्या लांब असा हा तिचा पहिलाच. पोरीच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं, म्हणून मी जास्तच रंगवून सांगितलं.

"तिकडं सरप्राइज असते! दोस्त दिवसभर इसरल्यासारखं करतात. संध्याकाळी लाइट बंद करून सोफ्यामागं लपतात, आन् तू घरात आली का एकदम वरडतात! म्हून तू कोणाले सांगू नोको. सांगतलं का मजा गेली."

एवढ्यावर थांबलो असतो तर मास्तर कसला? नोव्हेंबरात मी चक्कीवर जाऊन तुळशीरामला बजावलं, "भाऊ, त्या दिवशी पोरीले फोन लावू नका. ते फोनवर बोलत बसली, तं सरप्राइजचं काय?"

"बरं, गुरुजी," ते म्हणाले. पण दिवसभर दळण दळताना त्यांचा हात सारखा खिशातल्या फोनकडे जात होता म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेतोय तर आरतीचा फोन. तिकडे संध्याकाळ.

"सर, कोणीच आलं नाही."

"अवं, लपले असतीन!"

"मी आईची साडी नेसून दारात हसत उभी राह्यली. मंग लाइट लावला. सोफ्यामागं बी पाह्यलं, सर." मग म्हणाली, "बाबाचा बी फोन नाही आला. बाबा बी इसरले का?"

तसाच चप्पल न घालता चक्कीवर पळालो आणि फोन तुळशीरामच्या हातात दिला. चूक माझी, असं दोघांनाही सांगितलं. बाप-लेक फोनवर रडत होते आणि मी पिठाच्या पोत्यावर बसून होतो. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

आठ दिवसांनी पुन्हा फोन.

"सर, माही खोलीतली मैत्रीण म्हणते, ते इसरली नव्हती. तिनं माह्या कॉलेजच्या कार्डावरून तारीख लेहून ठेवेल हाये. एक जून! सर, हे एक जून कोणी लेहलं?"

कोणी म्हणजे? या हातानं! शाळेत नाव घालायला तिची आई आली होती. "सर, हे दिवाळीनंतरची हाये," असं ती सांगत होती आणि मला रजिस्टर संपवायची घाई. अर्ध्या वर्गाला एक जून लावला होता, हिलाही लावला. त्या दिवशी सगळ्या गावाचे वाढदिवस करायचे म्हटले, तर तुळशीरामची चक्की बंदच करता येणार नाही! आणि त्या माउलीची आता माफी मागायचीही सोय राहिली नाही.

म्हटलं, कागदावरचा का होईना, निदान एक जूनच्या वाढदिवसाला तरी पहिला फोन आपला गेला पाहिजे. त्या दिवशी सकाळी सहालाच चक्कीवर गेलो, तुळशीरामला शेजारी उभं केलं, फोन लावला आणि दोघंही जीव खाऊन ओरडलो, "हॅपी बर्थडे!"

पलीकडून आरतीचा आवाज आला.

"सर, इथं अजून एकतीस मेच हाये. आन् आम्हाले भूगोल तुम्हीच शिकवत होते ना?"