सरळ न झालेले केस

"दादा, माझ्या माश्यांचे केस वाकडेच येतायत," मी म्हणाले. त्याने मायक्रोस्कोपवरून डोकंही उचललं नाही.

"मग नीट बघ. आणि दादा म्हणू नकोस. भाऊबीज परवडत नाही मला."

वर्ध्याहून पुण्याच्या त्या प्रयोगशाळेत येऊन मला थोडेच महिने झाले होते. तो सीनियर, थिसिस जवळजवळ लिहून झालेला. आमचं काम फळमाश्यांवर. पेशीत ॲक्टिनचे बारीक धागे असतात. त्यांची जुडी बांधणारं एक प्रथिन नसलं, की माशीच्या पाठीवरचे केस वेडेवाकडे उगवतात. त्याचा शोध असा, की अशा माशीत दुसरं एक प्रथिन कमी केलं तर केस पुन्हा सरळ होतात. त्याच्यापुढचं काम माझ्याकडे आलं होतं, म्हणून प्रयोगशाळेत जपलेल्या मूळ माश्यांपासून मी आधी तोच प्रयोग करून पाहिला. केस सरळ होईनात. पुन्हा केला, तरी तेच.

तो खडकीला राहायचा. वडील दारूगोळा कारखान्यात, निवृत्तीला आलेले. मग क्वार्टर सोडावं लागणार. त्याला बंगळूरला नोकरी मिळाली होती, पण थिसिस दिल्याशिवाय रुजू होता येत नव्हतं. हे सगळं मला माहीत होतं. आठवडाभर मी गप्प राहिले.

शेवटी आमच्या गाइड मॅडमना सांगितलं. त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवलं.

"हिला अजून माशी धरता येत नाही धड," तो म्हणाला.

"येते की नाही ते बघू," मॅडम म्हणाल्या. दोघांच्या नळ्यांवरची नावं झाकून त्यांनी नुसते आकडे घातले. कुठली नळी कुणाची, ते आम्हाला कळायला मार्ग नव्हता. शेजारी शेजारी बसून आम्ही बेशुद्ध माश्या ब्रशने सरकवत राहिलो. माझ्या ब्रशखाली एक माशी चिरडली.

आमची उत्तरं नळीगणिक जुळली. म्हणजे चूक नजरेची नव्हती. माश्याच वेगळ्या होत्या.

मग दोघांच्या माश्यांचा डीएनए तपासला. पडद्यावर चित्र उमटलं, तेव्हा माझ्या माश्यांत बिघडलेला जनुक दिसला. त्याच्या माश्यांत तो नव्हताच. कधीतरी त्याच्या बाटलीत साधी धडधाकट माशी शिरली होती आणि तिचीच प्रजा माजली होती. केस सरळ झाले नव्हते. ते मुळात वाकडे नव्हतेच.

मला वाटलं, आता हा ओरडेल. तो पडद्याकडे बघत बसला. "थिसिसमधून ते प्रकरण मी काढतो," एवढंच मॅडमना म्हणाला आणि बाहेर गेला.

बंगळूरची नोकरी गेली. घरच्यांनी येरवड्याला भाड्याने जागा घेतली. त्याने प्रयोग पहिल्यापासून केले. केस वाकडेच राहिले, आणि थिसिसमध्ये त्याने तसंच लिहिलं. त्या काळात तो माझ्याशी कामापुरतं बोलायचा. एकदा मात्र नळ्या माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "नावं झाकलीत. मोजून दे. माझा माझ्यावर भरवसा नाही."

त्याच्या व्हायवाला वडील इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या रांगेत बसले होते. संपल्यावर पेढ्यांचा पुडा घेऊन ते माझ्याकडे आले.

"त्या वर्ध्याच्या तुम्हीच ना?"

मी मान हलवली.

"घ्या," ते म्हणाले, "दोन घ्या. घरी तुमच्यावर फार चिडायचा तो."