मे महिन्यातला स्वेटर

"पुढचा!"

कात्रीची दांडी टेबलावर आपटायची आणि मान वर न करता ओरडायचं, "पुढचा!" आमच्या गावच्या उपकेंद्रातल्या सिस्टरबाईंचा हा आवाज व्हरांडा आणि मधली भिंत ओलांडून थेट माझ्या दुकानात यायचा. पुढचा म्हणजे बाईसुद्धा, लेकरूसुद्धा, आणि एकदा तर पाय मोडलेली शेळीसुद्धा. शेळीच्या पायाला त्यांनी बांबूची कामटी लावून पट्टी बांधली आणि मालकाला सांगितलं, "आता इले ढोरायच्या दवाखान्यात ने. मी मान्सायची नर्स हाव."

अशा बाया तुम्हीही पाहिल्या असतील. आवाज असा की ताप आलेल्या माणसाने घाबरूनच बरं व्हावं. रागावल्याशिवाय त्यांना गोळी देताच येत नाही. आमच्या बाईंचं एक वेगळं होतं, ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

माझं दुकान म्हणजे कृषी केंद्र. बियाणं, खत आणि कपाशीवर फवारायची औषधं. गाव राळेगाव तालुक्यातलं, सगळा जीव कपाशीवर. बोंडअळीने पीक खाल्लं, भाव पडला, अशी ती लागोपाठची वाईट वर्षं. त्या वर्षांत माझ्या दुकानात गर्दी असायची आणि शेजारी उपकेंद्रातही असायची. फवारता फवारता भोवळ येऊन पडलेला माणूस कोणी आणला की बाई त्याचे कपडे उतरवायच्या, हातपंपाखाली बसवायच्या आणि साबणाने घासायच्या. मग तो सरपंचाचा भाऊ असो की रोजाने गेलेला गडी. "लाजू नको, तुह्या लेकरायलेबी मीच पयली आंघोय घातली," असं म्हणत तांब्यावर तांब्या ओतायचा, आणि मग जीपमध्ये घालून राळेगावला पाठवायचं. संध्याकाळी त्या औषधाचा रिकामा डबा माझ्या काउंटरवर येऊन बसायचा.

"घ्या भाऊ. तुमचा माल."

"बाई, लायसन हाय माह्याजवळ."

"मी कुठी म्हनलं नाई म्हनून? तुमी इकत राहा, मी धुवत राहीन."

डब्याखेरीज बाई माझ्या दुकानात आणखी एका कामासाठी येत. आमच्या आळीत तेव्हा फोन एकट्या माझ्याकडे होता, आणि बाईंची मुलगी आयर्लंडला होती. ही मुलगी माझ्या दुकानात खताच्या पोत्यांवर बसून अभ्यास करायची. मला काका म्हणायची. नागपूरला नर्सिंग शिकली, तिथे काही वर्षं नोकरी केली आणि एक दिवस गेली परदेशात. आयर्लंड कुठे आहे ते गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. मी कॅलेंडरच्या पाठीवर नकाशा काढून चार माणसांना समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "भाऊ, हे तुमी सिलोन काढलं."

दर रविवारी फोन यायचा. बाई रिसीव्हर तोंडासमोर धरून अशा ओरडायच्या की मध्ये तारच नाही, नुसती हवा आहे. "भात भेटते? दाय भेटते? मंग आनखी काय पाह्यजे!" दुकानातलं गिऱ्हाईक हसायचं. माझी बायको चहा टाकायची. आयर्लंडमध्ये आज पाऊस आहे हे आमच्या आळीला आमच्या पावसाच्या आधी कळायचं.

गाव मात्र या मुलीवर नाराज होतं. सरपंच पारावर बसून बोलायचे, "इथं आपल्या कास्तकारायले पाहाले नर्स भेटत नाई, अन् आपली पोट्टी गोऱ्यायच्या म्हाताऱ्यायले खाऊ घालून राह्यली. देशानं शिकवलं, कामात कोनाच्या आली?" माणूस वाईट नव्हता. रात्री-अपरात्री त्याचीच जीप पेशंट घेऊन राळेगावला जायची. त्यामुळे त्याच्या बोलण्याला वजन होतं.

बाईंना हे कळायचं. त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "देशानं शिकवलं त जागाबी भरा म्हना. माह्या पोरीले सहा महिन्यायच्या कंत्राटावर घेत होते, अन् पगार कवा भेटन ते कोनी सांगत नोयतं."

माझं मत सरपंचांच्या बाजूचं होतं. जाणाऱ्याने जावं, कोणाला बांधून ठेवता येत नाही, पण जाणाऱ्याच्या मनात थोडी टोचणी असावी, असं मला वाटे. बुटात बारीकसा खडा असावा, तेवढीच. मी हे बाईंना एकदा बोलून दाखवलं. पटेल अशी माझी खात्री होती, कारण उपमा मला फार आवडली होती.

"खडा असला त काढून फेकाचा असते भाऊ," बाई म्हणाल्या. "लंगडत लंगडत मानूस कोनाच्या मदतीले जाते?"

मग ते भाद्रपदातलं रविवारचं बोलणं झालं. आमच्याच आळीतला एक माणूस फवारणीत पडला होता. बाईंनी धुतलं, सरपंचांनी जीप काढली, पण यवतमाळच्या दवाखान्यात पोचल्यावर त्याने जीव सोडला. बाईंची मुलगी त्याला मामा म्हणायची; ती दहावीला होती तेव्हा परीक्षेचा प्रत्येक पेपर तिला त्यानेच सायकलवर राळेगावला नेऊन गाठून दिला होता. ही बातमी तिला कळली. फोनवर तिचं रडणं मला काउंटरच्या अलीकडे ऐकू येत होतं. ती म्हणत होती, मी परत येते. तिथे तू एकटी मरमर करते आहेस, आणि मी इथे गरम खोलीत बसून म्हाताऱ्यांना सूप पाजते. मी तिथे असते तर मामा वाचले असते.

बाईंनी ऐकून घेतलं. त्या दिवशी ओरडल्या नाहीत.

"तू असती त दोघींनं मियून धुतलं असतं," त्या म्हणाल्या. "मी होती न इथं? माह्याच्यानं वाचला का? मी काई कमी केलं का?"

पलीकडे ती काहीतरी बोलली.

"आयक. इथं काम असन अन् तुले कराचं असन, त उद्याच्या उद्या ये. मी तुले आनाले नागपूरले येतो. पन अपराधी वाटते म्हनून येशीन त नको येऊ. मंग तू माह्या बाजूले बसून रडशीन, अन् मले तुलेबी पाहा लागन. मले टाइम नाई बाई. त्या सूपवाल्या म्हाताऱ्या कोनाच्या माया नाईत का?"

फोन ठेवून बाई खताच्या पोत्यावर बसल्या, मुलगी बसायची त्याच जागी. बायकोने पाणी दिलं ते प्यायल्या. मला वाटलं, आता रडतील. आपल्यासमोर मोकळ्या होतील तर बरंच, असं माझ्या मनात आलं. पण त्या उठल्या, पदर खोचला आणि उपकेंद्राकडे चालू लागल्या. रविवार होता, दाराशी चिटपाखरू नव्हतं. तरी आतून आवाज आला, "पुढचा." जरा हळू होता एवढंच.

मुलगी आली नाही. तिकडेच तिने लग्न केलं, बरोबरच्याच एका केरळी मुलाशी. गावाने तेही बाईंच्या खात्यावर मांडलं.

बाई रिटायर झाल्या तेव्हा शाळेच्या पटांगणात सत्कार झाला. शाल, नारळ, साडी. सरपंच बोलायला उभे राहिले. म्हणाले, शिकलेले पळाले, नोकरीवाले पळाले, पण बाईंनी हे गाव सोडलं नाही. आता रिटायर झाल्या तरी त्या इथेच राहतील आणि आपल्याला बघतील, कारण त्या या गावच्या माय आहेत. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

बाई उभ्या राहिल्या. "मी पुढच्या महिन्यात चालली," त्या म्हणाल्या. "पोरीकडं. तिले लेकरू होनार हाय. जावई म्हनते, आता इथंच राहा."

मागे बसलेली एक गरोदर बाई उभी राहिली, तिचं पहिलंच होतं. "अन् माहं बायतपन कोन करन?" ती म्हणाली. हे तिने भांडायला विचारलं नव्हतं. ती घाबरली होती.

"राळेगावले जाजो. आठवा सरला की जाजो, पोटात कया येन्याची वाट नको पाहू. सरपंचायनं जीप द्याची. मी त्यायच्याकडून आत्ताच वचन घेतो."

सरपंचांनी मान डोलावली, पण त्यांच्यातला पारावरचा माणूस गप्प बसेना. "बाई, जागा रिकामी राहीन. तुमाले काईच वाटत नाई का?"

आता बाई काय करतील याची मला भीती वाटली. माझ्या मनातली खरी गोष्ट सांगायची तर थोडी उत्सुकताही होती. मुलीला शिकवणं सोपं असतं, आता पाळी त्यांची स्वतःची होती.

"माहा बाप केळापूरकडच्या ज्या गावात जनमला, तिथं त्याले पानी वरून वाढत," बाई म्हणाल्या. "त्यानं दीक्षा घेतली, अन् ते गाव सोडलं. तवा गावाच्या येशीपर्यंत कोनी आलं नाई, की बाप्पा, आमाले सोडून कायले चालला. तो गेला म्हनून मी शिकली. मी शिकली म्हनून तुमच्या घरायत आली. तो मान खाली घालून गेला असता त मी इथं उभी नसती. माह्या घरातून जो जाईन तो मान वर करूनच जाईन, हे मी तवाच ठरवलं. मी इथं कामचुकारपना केला असन त सांगा, पाया पडतो. जातो म्हनून कोनाची माफी नाई मांगनार."

समोर बसलेल्यांत निम्म्या लोकांची नाळ त्यांनीच कापली होती.

जायचा दिवस मे महिन्यातला होता. आमच्याकडचा मे तुम्हाला ठाऊक असेल, त्या उन्हात कुत्रीसुद्धा नालीतून उठत नाहीत. अशा दुपारी बाई एसटीच्या फाट्यावर आल्या त्या जाडजूड लाल स्वेटर घालून. वर बटणं लावलेली. यवतमाळच्या दुकानदाराने माळ्यावरून शोधून काढून दिला होता म्हणे. घामाच्या धारा लागल्या होत्या.

"बाई, काढा न तो. चक्कर येईन," मी म्हणालो.

"बॅग भरली भाऊ. विमानवाले वजन जास्त झालं त फेकाले लावतात. घातलेल्याचं वजन नाई करत."

सगळा फाटा हसला. बॅग सरपंचांच्या हातात होती, आणि वर त्यांच्या शेतातल्या तुरीच्या डाळीची पिशवी. ती गरोदर बाईही आली होती. बाईंनी तिला कडुनिंबाच्या सावलीत बाकड्यावर आडवी केली आणि स्वेटरच्या बाह्या वर करून तिथेच तिचं पोट तपासलं. "डोकं खाली हाय. भिऊ नको," म्हणाल्या. तेवढ्यात एसटी आली. बाई चढल्या. खिडकीशी लाल रंग दिसला, पण मान वळली नाही. मला त्यांचा राग आला, आणि त्याच वेळी एसटी थांबवावी असंही वाटलं.

पुढच्या रविवारी फोन वाजला. सवयीने मी बायकोला म्हणालो, बाईंना हाक मार. मग लक्षात आलं आणि मीच उचलला.

"नवी आली का?" इतकंच. नमस्कार नाही, काही नाही.

"नाई बाई. जागा रिकामीच हाय."

"तालुक्याले गेले होते का तुमी?"

"मी कायले जाऊ?"

"मंग कोन जाईन? औषध कोन इकते?"

गेलो. सरपंचांना घेऊन गेलो. दर रविवारी फोन यायचा आणि दर आठवड्याला मला काहीतरी काम लागायचं. अर्ज दिला का, साहेब भेटले का, नाही भेटले तर पुन्हा जा. त्या गरोदर बाईचं बाळंतपण राळेगावला नीट झालं, मुलगी झाली, हे मी सांगितलं तेव्हा पलीकडून फक्त वजन विचारलं. आयर्लंडमधली नात कशी आहे हे मलाच विचारावं लागायचं. एकदा मी मुद्दामच डिवचलं. "बाई, आता तरी खरं सांगा. वाटते का काई?"

"वाटते न. थंडी वाटते."

"मंग दर रईवारी फोन कायले करता?"

"जागा भरली नाई म्हनून. भरली की बंद. मी काई रडाले फोन नाई करत भाऊ, पैसे लागते."

जागा भरायला पुढचा उन्हाळा उजाडला. नवी सिस्टर वर्ध्याकडची, कोवळी पोर, आवाज इतका मऊ की रांगेतल्या बायांना आपलं नाव पुकारलेलं कळायचं नाही. मी रविवारी बातमी दिली. बाई म्हणाल्या, "मंगळवारी करतो. बाजाराच्या दिवशी रांग असते."

मंगळवारी फोन आला. "मले आयकू द्या," बाई म्हणाल्या. मी फोनची लांबडी वायर सोडवली, रिसीव्हर घेऊन दुकानाच्या ओट्यावर आलो आणि हात लांब करून उपकेंद्राच्या व्हरांड्याकडे धरला. रांग होती. लेकरं रडत होती. आतून ती पोर हळूच म्हणाली, "या ना, कोण आहे आता?" कोणी हललं नाही. ती पुन्हा म्हणाली. पुन्हा कोणी हललं नाही.

तेव्हा माझ्या हातातला रिसीव्हर ओरडला, "पुढचा!"

व्हरांड्याच्या कडेला बसलेली म्हातारी तटकन उठली. इकडेतिकडे न बघता पदर सावरला आणि आत गेली. तिच्यामागे रांग सरकली. आतून त्या पोरीचा आवाज आला, "बसा आजी, काय होते?" मी रिसीव्हर कानाला लावला. बाईंनी फोन ठेवून दिला होता.