हिरवं राहिलेलं वावर

ज्याच्यापुढे मी ‘पडीक’ लिहून आलो, त्या एका शेताने अजून माझा पिच्छा सोडलेला नाही.

माझं काम उपग्रहाच्या चित्रांवरून जिल्ह्यातल्या शेतांची उत्पादकता काढण्याचं. वरून फक्त रंग दिसतो. तो रंग कशाचा हे संगणकाला शिकवायला काही शेतं पायी जाऊन बघावी लागतात. त्या वर्षी नवरात्राच्या सुमारास सुलतानपूरजवळच्या एका तुकड्याने मला बुचकळ्यात टाकलं. आजूबाजूचं सोयाबीन पिवळं पडून वाळलेलं आणि हा तुकडा हिरवागार. उशिराचं काहीतरी जोरदार पीक असणार म्हणून मी खुशीत गेलो, तर कमरेएवढं तण. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, एक बाई उभी होती. पेरणी करून आठवड्याभरात नवरा वारला, असं तिने सांगितलं. त्यानंतर आत कोणी उतरलंच नव्हतं.

मी मोबाइलवर नोंद करत होतो, तेव्हा तिने विचारलं, "काय लिहून राह्यले, भाऊ?"

"पडीक."

"त्यायच्या नावापुढं पडीक नोका लिहू. पेरलं होतं त्यायनं."

खरं सांगतो, मला चीड आली. ऊन डोक्यावर, अजून बरीच शेतं बाकी. शिवाय तणाला पीक म्हटलं असतं तर सगळ्या गावाचं उत्पादन फुगून दिसलं असतं. मी पडीक लिहिलं, फोटो काढला आणि गाडीला किक मारली.

काम चोख झालं. अशा काही नमुन्यांवरून संगणक तसली शेतं बिनचूक ओळखायला शिकला आणि ऑफिसात माझी पाठ थोपटली गेली. पण नकाशावर असा तुकडा उमटला की मला आधी त्या बाईचा आवाज ऐकू यायचा. या घरातलं कोण गेलं असेल, या विचाराने जेवण गोड लागत नसे.

यंदा नवा नकाशा उघडला, आणि दुसरबीडजवळ पडीकच्या रंगात जो तुकडा आला तो आमचा होता.

आई उन्हाळ्यात गेली. पेरणी बाबांनी केली. तेव्हापासून फोनवर त्यांचं उत्तर ठरलेलं, "आताच वावरातून आलो. निंदण झालं, सारं तण काढलं. पीक एक नंबर हाये." मी विश्वास ठेवत होतो, कारण ते सोयीचं होतं. आता मी तो तुकडा मोठा करून पुन्हा पाहिला. पिकाचं काही वाटलं नाही. बाबा तिकडे एकटे दिवस कसे काढत होते, हे मला ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी न कळवता गेलो. बाबा खरंच वावरात होते. धुऱ्यावर शिदोरी सोडून बसले होते आणि समोर सगळं तण माजलं होतं. मला पाहून त्यांनी मान खाली घातली.

"रोज येतो रे," ते म्हणाले. "पण आत पाय पडत नाही. निंदाले पुढं तुही मायच राहे."

सुलतानपूरची ती बाईही रोजच येत असणार. मी तिला विचारलंसुद्धा नव्हतं.

तपासणीच्या यादीत आमचं शेत होतं. मी मोबाइल काढला, पण बोट पुढे जाईना. बाबांना कळलं.

"खोटं नोको लिहू," ते म्हणाले.

मी पडीक लिहिलं. त्याच्या खालच्या रकान्यात मालकाचं नाव लागतं. शेत अजून आईच्याच नावावर आहे.