लिझच्या आईचा फोन

लंडनच्या आमच्या ऑफिसात लिझ मोजूनमापून, इस्त्री केल्यासारखं इंग्रजी बोलते. दुपारी मात्र इंग्लंडच्या उत्तरेकडच्या गावाहून तिच्या आईचा फोन येतो आणि ती खिडकीशी जाते. मग तिचे स्वर लांबतात, बोलण्याला हेल येतो, निम्मं मला कळतही नाही. तरी मी हातातलं काम थांबवते.

फोन ठेवल्यावर ती ओशाळून म्हणते, "सॉरी हं, आईशी बोलताना असंच होतं."

पुण्यात शिकायला गेल्यापासून मीही माझी वऱ्हाडी आईच्या फोनपुरतीच ठेवली होती. "काय करून राह्यली वं?" असं ती विचारायची. आई गेल्यापासून ती बोली माझ्या तोंडून एकदाही निघालेली नाही.

लिझच्या आईचा फोन यायला उशीर झाला, की मीच खिडकीकडे बघत राहते.