त्यायचं होऊ द्या

सुखदेव गुरुजींशी वाद घालायला गेलं, की आधी ते आमचीच बाजू मांडत. "थांबा पाटील, तुमचं म्हननं मले बराबर समजलं का, ते पाहू द्या," म्हणून माझा मुद्दा माझ्यापेक्षा नेटका सांगत आणि मग तो खोडत. मला भारी राग यायचा.

रिठदच्या अलीकडच्या आमच्या गावात पोळ्याला तोरणाखालून पहिली जोडी आमच्या घरची जाते. गुरुजींची जोडी बौद्धवाड्यातली, म्हणून शेवटची. शाळेतून निवृत्त झाल्यावर ते शेती पाहू लागले आणि ग्रामसभेत ठराव आणला, की माणसं सारखी, तर पहिला मान चिठ्ठी टाकून ठरवा. मी जुन्या वळणाचा. समता, स्वातंत्र्य हे शब्द मला शहरातल्या पाहुण्यांसारखे वाटत. गोड बोलतात आणि घर विस्कटून जातात.

मी विरोधाला उठलो तर पोरांनी शिट्ट्या मारल्या. "बसा खाली, जमाना गेला तुमचा." मी बसणारच होतो, तेवढ्यात गुरुजी उभे राहिले.

"त्यायचं होऊ द्या. त्यायले बोलू देनार नसान, तं माहा ठराव मी वापस घेतो."

मग मी पणजोबांपासूनचं सगळं बोललो. हात वर झाले आणि गुरुजींचा ठराव पडला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. "काहून बोलू देलं मले? जितले असते तुमी."

बशीत चहा ओतत ते म्हणाले, "तुमाले गप्प करून माह्या बैलायले चिठ्ठीत जागा भेटली असती, पाटील. मले काय भेटलं असतं?"

सत्तर वर्षांत असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात गुरुजी गेले. पोळ्याला त्यांची लेक वंदना जोडी घेऊन नेहमीच्या जागी, शेवटी उभी राहिली. मी माझे बैल बाजूला घेतले आणि तिला पुढे बोलावलं. चाल मोडली असं मी आजही म्हणणार नाही. मान आमचा, कोणाला द्यायचा ते मी ठरवलं.

धाकटा भाऊ आडवा आला. "दादा, बापजाद्यायचं नाव बुडवून राह्यले तुमी." पोरांनी पुन्हा शिट्ट्या सुरू केल्या. मी हात वर केला.

"त्याचं होऊ द्या."

भाऊ बराच वेळ बोलला. वंदना वेसण धरून ऐकत होती. तो थांबल्यावर ती म्हणाली, "काका, तुमचं म्हननं मले बराबर समजलं का, ते पाहू द्या."